एकूण १८०, आणि दोन साडू

समजा, जळगावातल्या एकाच लॅबमधून दोन साडूंनी रक्ताचे रिपोर्ट आणले. दोघांचंही एकूण कोलेस्टेरॉल १८०. छापील मर्यादा २००, म्हणून दोघंही निर्धास्त. थोरला म्हणतो, "माले काहीच व्हत नही." खरंच आहे, रक्तातली चरबी दुखत नाही. पण खालच्या ओळी वाचा. थोरल्याचं एचडीएल, म्हणजे लोक ज्याला 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात ते, ३२; ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातल्या चरबीचाच दुसरा प्रकार, २४०. धाकट्याचं एचडीएल ५५, ट्रायग्लिसराइड १००.

चरबी पाण्यात विरघळत नाही. रावेर-सावद्याची केळी दिल्लीला न्यायला वॅगन लागते, तशी रक्तातल्या चरबीलाही प्रथिनांची गाडी लागते. एलडीएल ही त्यातलीच एक. या गाड्या धमनीच्या भिंतीत शिरून अडकतात, तिथं सूज येते, वर्षानुवर्षं थर चढतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो. किती माल आहे यापेक्षा किती गाड्या आहेत यावर धोका जास्त ठरतो. ट्रायग्लिसराइड वाढलं की एलडीएलचे कण बारीक होतात. माल तेवढाच, गाड्या जास्त.

आता गंमत बघा. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबानं काढतात: एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. या हिशेबानं थोरल्याचं एलडीएल १०० आणि धाकट्याचं १०५. म्हणजे ज्याची काळजी करायला हवी, तोच कागदावर सरस! म्हणून मला दुसरी वजाबाकी जास्त भरवशाची वाटते: एकूणातून फक्त एचडीएल वजा करा. थोरल्याचे १४८ उरतात, धाकट्याचे १२५. धमनीत अडकणाऱ्या सगळ्याच गाड्यांचा माल यात येतो. साधारणपणे हा आकडा १३० च्या आत हवा; मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आणखी खाली.

कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराइड ही जोडी आपल्याकडे फार दिसते. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षं आधीच आलेला दिसला.

आपण मात्र सगळा दोष शेवभाजीच्या तर्रीला देतो आणि तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून समाधान मानतो. शेंगदाण्याच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, त्यामुळे त्या अक्षरांतून काहीच कळत नाही. बट्टीवर सढळ हातानं ओतलेलं तूप एलडीएल वाढवतं. ट्रायग्लिसराइड वाढायला जास्तीचं पीठ, साखर, दारू आणि सुटलेलं पोट पुरेसं असतं.

थोरल्यानं आता साखर आणि रक्तदाब तपासावा, तंबाखू असेल तर सोडावी. डॉक्टरांना 'एपो-बी' तपासणीबद्दल विचारावं. धमनीत अडकणाऱ्या प्रत्येक गाडीवर एपो-बी या प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे गाड्या थेट मोजता येतात. आणि वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत झटका आलेला असेल, तर लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखीच आणखी एक गाडी) ही तपासणीसुद्धा करून घ्यावी. तो आकडा बहुतांशी जन्मानंच ठरतो, म्हणून आयुष्यात एकदा तपासला तरी सहसा पुरतो.