ओल्या ट्रॅकसाठी टायरमधील हवा कमी करावी काय?

पाऊस सुरू झाला की टायरमधील हवा कमी करावी, म्हणजे रबर अधिक टेकते आणि पकड वाढते, हा सल्ला हौशी शर्यतपटूंमध्ये वर्षानुवर्षे फिरत आहे. साचलेल्या पाण्यात तो चुकीचा आणि धोकादायकही आहे. हवा कमी झाली की टायर पसरतो, त्याचा जमिनीवरचा दाब घटतो, मधला भाग आत दबून खाचा मिटू लागतात आणि पाणी बाहेर फेकले न गेल्याने टायर त्यावर तरंगतो. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर केलेल्या प्रयोगांतून निघालेल्या सूत्रानुसार तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो: ३० पीएसआयला (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरील पाउंड, हवेच्या दाबाचे एकक) ताशी सुमारे ९१ किलोमीटर, २० पीएसआयला अवघे ७५. मोटारीच्या खाचदार टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, कल मात्र तोच राहतो. शिवाय ओल्या ट्रॅकवर टायर फारसा तापत नाही, त्यामुळे कोरड्यात धावताना आपोआप चढणारा दाब येथे तितका चढत नाही. म्हणूनच सुरुवातीचा, म्हणजे टायर थंड असतानाचा, दाब कोरड्यापेक्षा थोडा जास्तच ठेवावा लागतो. गाडी मऊ, म्हणजे चाकांवरील तिचा आधार अधिक लवचीक, करायचीच असेल, आणि पावसात ती करावीच, तर ते काम स्प्रिंग, डॅम्पर (हेलकावे शमवणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा) यांच्याकडून करून घ्यावे.