ॲनिम-शब्दकुल

लॅटिनमधील ‘आनिमा’ (श्वास, प्राण) आणि ‘आनिमुस’ (मन, धैर्य, आवेश) या जुळ्या नामांपासून इंग्रजीत आलेल्या शब्दांचा समूह. ॲनिमल, ॲनिमेट, ॲनिमेशन, इनॅनिमेट, ॲनिमॉसिटी, युनॅनिमस, मॅग्नॅनिमस, प्युसिलॅनिमस आणि इक्वॅनिमिटी हे त्यातील प्रमुख शब्द होत. चिनी भाषकांच्या इंग्रजी अध्ययनात या कुलाला वेगळे महत्त्व आहे. शब्दाचे मूळ ओळखून त्याची फोड करण्याची पद्धत तेथील परीक्षार्थींमध्ये रूढ असून, नदी, सरोवर आणि समुद्र या तिन्ही अक्षरांच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब पाहत लहानाचे मोठे झालेल्या वाचकाला ती परकी वाटत नाही.

या दोन्ही लॅटिन नामांच्या मुळाशी ‘श्वास घेणे’ या अर्थाचा इंडो-यूरोपीय धातू आहे. ग्रीकमधील ‘आनेमोस’ (वारा) त्यातूनच आला आणि संस्कृतातील ‘अन्’ धातू, त्यापासून बनलेले ‘प्राण’ व ‘अनिल’ हे शब्दही त्याचेच. त्यामुळे ॲनिमल म्हणजे ‘प्राणी’ हा मराठी प्रतिशब्द नुसता सोयीचा नाही. दोन्हींची घडण एकच आहे, ज्याला प्राण आहे तो. इंग्रजीत मात्र हा शब्द उशिरा रुळला. सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत बोलण्यात ‘बीस्ट’च होता आणि 1611 च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलात ॲनिमल हा शब्द एकदाही येत नाही.

चिनी भाषेने याच वस्तूकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. प्राण्याला तेथे ‘दोंगवू’, म्हणजे हलणारी वस्तू, म्हणतात. वनस्पती ती ‘चृवू’, म्हणजे रोवलेली वस्तू. ही जोडी प्राचीन असून चौ राजवटीच्या शासनव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या ग्रंथातही ती आढळते. ॲनिमेशनचा आजचा चिनी प्रतिशब्द ‘दोंगह्वा’, म्हणजे हलणारे चित्र. शिकणाऱ्याला या कुलातले पहिले भेटणारे दोन्ही शब्द असे ‘दोंग’ने सुरू होतात, आणि ॲनिम म्हणजे हालचाल असा त्याचा ग्रह होतो. हा ग्रह काही अंतरापर्यंत चालतो. पुढे ‘ॲनिमेटेड’ चर्चा म्हणजे व्यंगचित्रपटातली चर्चा की काय, अशी शंका त्याला येऊ शकते. वास्तविक ती केवळ जोमाने चाललेली चर्चा असते. चिनीत अशी चर्चा ‘तापते’, मराठीत ती ‘रंगते’. ॲनिमॉसिटीपाशी मात्र हा ग्रह पुरता कोसळतो, कारण हालचालीतून वैरभाव कसा निघाला हे ‘दोंग’ सांगू शकत नाही.

ते सांगू शकते ‘छी’ हे अक्षर. मराठी कानाला हा उच्चार किळस व्यक्त करणारा वाटला, तरी चिनी विचारात त्याइतका मानाचा शब्द क्वचितच असेल. पारंपरिक लिपीत हे अक्षर लिहिताना वाफ दर्शविणाऱ्या भागाखाली तांदळाचे चिन्ह येते. शिजणाऱ्या भातावरची वाफ डोळ्यांपुढे आणली की ते लक्षात राहते. हवा, वाफ, श्वास, जीवनशक्ती, स्वभाव आणि राग एवढे सगळे अर्थ त्यात सामावतात. ‘खोंगछी’ म्हणजे हवा, ‘योंगछी’ म्हणजे धैर्य, ‘छील्यांग’ म्हणजे मनाचा मोठेपणा, ‘श्याओछी’ म्हणजे कोतेपणा किंवा चिक्कूपणा. यांतला ‘शंगछी’ हा शब्द तर या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, कारण त्याचा एक अर्थ चैतन्य आणि दुसरा रागावणे असा आहे. वसंतातल्या बागेत शंगछी असते आणि उशिरा घरी आलेल्या मुलावर आईही शंगछीच करते.

लॅटिनमध्ये नेमका हाच प्रवास घडला. ‘आनिमोसितास’ म्हणजे मुळात धडाडी, पाणीदारपणा. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्याला शत्रुत्वाची छटा आली. इंग्रजीतही ॲनिमॉसिटी हा शब्द आधी धैर्य या अर्थाने आला आणि सतराव्या शतकाच्या सुमारास वैर या अर्थावर स्थिरावला. श्वासातून प्राण, प्राणातून जोम, जोमातून आवेश आणि आवेशातून राग ही साखळी एकमेकींशी नाते नसलेल्या दोन भाषांनी स्वतंत्रपणे गुंफली. म्हणून चिनी विद्यार्थ्याला हे कुल ‘हालचाली’पेक्षा ‘छी’च्या आधारे शिकविणे अधिक सयुक्तिक ठरते. सहाव्या शतकातील कलासमीक्षक श्ये ह याने चित्रकलेच्या सहा तत्त्वांत पहिले मांडले ते ‘छीयुन शंगदोंग’, म्हणजे प्राणाचा निनाद आणि जिवंत हालचाल. त्यात छी आणि दोंग दोन्ही आहेत, पण पहिला मान छीला आहे.

मॅग्नॅनिमस (उदार मनाचा) आणि प्युसिलॅनिमस (भ्याड, क्षुद्र मनाचा) ही या कुलातील विरुद्धार्थी जोडी. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात महामना आणि अल्पमना अशा दोन स्वभावांची चर्चा आहे. त्या ग्रीक शब्दांचे शब्दशः लॅटिन भाषांतर होऊन ते पुढे इंग्रजीत उतरले. मॅग्नॅनिमसच्या दोन्ही घटकांना समांतर असा संस्कृत समास ‘महात्मा’ आहे, मात्र 1888 साली मुंबईत जोतीराव फुले यांना तो पदवी म्हणून दिला गेला तेव्हा त्याचा अर्थ औदार्याच्या कितीतरी पलीकडे गेलेला होता. भित्रेपणासाठी चिनी भाषा मनाकडे न जाता थेट पित्ताशयाकडे जाते. ‘दानश्याओ’ म्हणजे ज्याचे पित्ताशय लहान तो, आणि फारच भित्रा असेल तर ते उंदराएवढे. मराठीत तेथे सशाचे काळीज येते.

युनॅनिमस (एकमताचा) हा शब्द हमखास चकवतो. फोड करायला सरावलेला विद्यार्थी वहीत आधी ‘अन’ हा नकार वेगळा काढतो आणि उरलेल्या भागाचा अर्थ शोधत बसतो. प्रत्यक्षात येथे नकार नाहीच; ‘ऊनुस’ म्हणजे एक आणि ‘आनिमुस’ म्हणजे मन मिळून तो बनला आहे. इनॅनिमेट (निर्जीव) मधला आरंभ मात्र खरोखरच नकाराचा. एकदा फोड योग्य जागी झाली की चिनी विद्यार्थ्याला अर्थ वेगळा सांगावा लागत नाही, कारण लाखो लोकांचे एक हृदय या अर्थाचा ‘वानचोंग यीशिन’ हा शब्दप्रयोग त्याच्या राष्ट्रगीतातच आहे.

उच्चारात दोन अडचणी येतात. ॲनिमेट हे क्रियापद असताना शेवट दीर्घ ‘एट’ आणि विशेषण असताना ऱ्हस्व ‘इट’ होतो. शिवाय सिच्वान, हूनान या भागांतील अनेक बोलींत न आणि ल यांत भेद राहत नसल्याने ॲनिमलमध्ये त्यांची गल्लत होते. मानक चिनीत शब्दावयवाच्या (सिलॅबलच्या) शेवटी ल येतच नाही, ही अडचण त्याखेरीज.

इक्वॅनिमिटी म्हणजे समचित्तता. घटकांचा क्रमही तोच, सम आणि चित्त. बौद्ध ग्रंथांच्या इंग्रजी अनुवादात हा शब्द पालीतील ‘उपेक्खा’साठी वापरला जातो. चिनी अनुवादकांनी त्यासाठी ‘श’ हे अक्षर योजले, ज्याचा साधा अर्थ सोडून देणे असा आहे. सुख आणि दुःख दोन्हींकडे सारख्याच शांतपणे पाहणारी ही वृत्ती ब्रह्मविहारांतील, म्हणजे बौद्ध साधनेतील चार उदात्त मनोवृत्तींतील, चौथी मानली जाते, आणि तिचे संस्कृत नाव ‘उपेक्षा’ मराठीत आज केवळ हेळसांड या अर्थाने उरले आहे.