जायफळ घातलेल्या कॉफीची कुळकथा

पुण्यात चहा रोजचा, कॉफी निमित्ताची. पेठेतल्या घरांत रात्रीची जेवणं आटोपली की पातेल्यात दूध उकळायचं, साखर जरा सढळ हाताने, चमचाभर कॉफी, आणि उतरवताना जायफळ किसणीवर दोनदा फिरवायचं. जाग आणणाऱ्या पेयात झोप आणणारं जायफळ! फर्ग्युसन रस्त्यावर फिल्टर कॉफी पिणारे याला नाक मुरडतात. मुरडोत.

या कपातल्या दोन्ही जिनसांमागे एकच नाव निघतं, डच ईस्ट इंडिया कंपनी. जायफळ तेव्हा पिकायचं ते आजच्या इंडोनेशियातल्या चिमुकल्या बांदा बेटांवर. तिथल्या लोकांनी ते दुसऱ्या कुणाला विकू नये म्हणून १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझून कून फौज घेऊन उतरला. सुमारे १५,००० वस्तीतले हजारभर उरले. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून विकले गेले. झाडं शाबूत होती. त्यांच्या राखणीला बाहेरून गुलाम आणले.

कॉफी मूळची इथिओपियाची, व्यापार येमेनच्या हातात. सूफी संत बाबा बुदान यांनी हजहून परतताना सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी आख्यायिका आहे. बिया सातच होत्या का, कोण जाणे. पण १६९६ मध्ये डचांनी मलबारहून रोपं जावाला नेली, ती पुरात गेली म्हणून १६९९ मध्ये पुन्हा नेली, हे मात्र पक्कं. १८३० पासून तिथे सक्तीची लागवड आली. गावाने पाचवा हिस्सा जमीन सरकारी पिकाला द्यायची, कॉफी सरकारलाच घालायची, भावही सरकारच ठरवणार. पाचवा हिस्सा कागदावरचा. प्रत्यक्षात बोजा कितीतरी जास्त. त्या नफ्यातून हॉलंडचं कर्ज फिटलं, रेल्वे झाली.

फ्रेंचांची तऱ्हा वेगळी नव्हती. १७८० च्या दशकाअखेर जगातली निम्मी कॉफी एकट्या सँ-दोमँग या त्यांच्या कॅरिबियन वसाहतीतून, म्हणजे आजच्या हैतीतून येई, सुमारे पाच लाख गुलामांच्या कष्टावर. १७९१ मध्ये त्यांनी बंड केलं, मळे पेटवले, आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. बाजारातली ती जागा पुढे ब्राझीलने घेतली, तीही गुलामांच्याच जोरावर. तिथली गुलामगिरी १८८८ पर्यंत चालली. हैतीला मात्र फ्रान्सने १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँकचं बिल लावलं, जुन्या मालकांच्या नुकसानीपोटी. पुढे रक्कम घटवली, तरी ती भागवायला काढलेली कर्जं फिटता फिटता १९४७ साल उजाडलं.