शहरातल्या झाडाचं मोल: दोनशे वर्षांचा हिशेब

शहरातलं झाड नगरपालिकेच्या वहीत बहुतेक वेळा खर्चाच्या बाजूला असतं. फांद्या छाटायच्या, पालापाचोळा उचलायचा, मुळांनी उखडलेला फुटपाथ नीट करायचा, वादळात पडलं तर भरपाईचं बघायचं. त्याच झाडामुळे शेजारच्या घराचं वीजबिल कमी आलं, कुणा वृद्धाला उष्माघात झाला नाही, मुसळधार पावसाचं पाणी गटारात जरा उशिरा पोचलं, तर त्यात पैसे वाचतात ते दुसऱ्याच कुणाचे. खर्च एका खात्याच्या नावावर आणि फायदा दहा खात्यांत विखुरलेला. झाड तोडण्याचा निर्णय इतक्या सहज का होतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं, झाडांची किंमत आजवर कुणी आणि कशासाठी मोजली त्यात आहे.

सगळ्यांसाठी खुलं असलेलं, लोकांच्या पैशाने सांभाळलेलं उद्यान ही कल्पना फार जुनी नाही. आधी उद्यानं होती, पण राजांची आणि उमरावांची; इतरांना आत शिरता यायचं ते मालकाच्या मर्जीने. औद्योगिक क्रांतीनंतर ब्रिटनमधली गिरण्यांची शहरं भराभर वाढली, मोकळी मैदानं घरांखाली गेली. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने कष्टकऱ्यांना फिरायला मोकळ्या जागा हव्यात असा अहवाल दिला. १८४० मध्ये डर्बी शहरात जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने वृक्षोद्यान उभारून शहराला देऊन टाकलं. त्याच सुमारास पूर्व लंडनमधल्या ३० हजार लोकांच्या सह्यांचा अर्ज राणी व्हिक्टोरियाकडे गेला आणि १८४५ मध्ये तिथलं व्हिक्टोरिया पार्क खुलं झालं. या मागणीला डॉक्टरांचं बळ होतं. कोंदट, दुर्गंधीच्या हवेतून रोग पसरतात असं ते मानत. ती समजूत पुढे चुकीची ठरली, पण तिच्यामुळे शहरांच्या पोटात शेकडो एकर जमीन मोकळी राहिली.

पैशाचं गणित मात्र हवेच्या नव्हे, जमिनीच्या भावावर उभं राहिलं. लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडमध्ये स्थानिक मंडळाने दलदलीची जमीन विकत घेतली, मधोमध जोसेफ पॅक्स्टनच्या आराखड्याप्रमाणे उद्यान केलं आणि भोवतालचे भूखंड बंगल्यांसाठी विकायला काढले. उद्यान दाराशी असल्यामुळे भूखंडांना भाव येणार आणि त्यातून खर्च निघणार, असा तो हिशेब होता. १८४७ मध्ये हे उद्यान खुलं झालं. १८५० मध्ये तिथे आलेला फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा अमेरिकन तरुण शेतकरी ते पाहून भारावून गेला. आठ वर्षांनी त्याने आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची स्पर्धा जिंकली.

सेंट्रल पार्क महागात पडलं, आणि टीकाकारांना उत्तर देण्यासाठी करआकारणीचे आकडे पुढे आले. उद्यानाला लागून असलेल्या तीन प्रभागांतल्या मालमत्तेचं मूल्य १८५६ मध्ये सुमारे २ कोटी ६४ लाख डॉलर होतं, ते १८७३ मध्ये २३ कोटी ६० लाखांवर गेलं. म्हणजे वाढलेल्या घरपट्टीतूनच उद्यानाच्या कर्जाची फेड होते, असं सांगितलं जाऊ लागलं. या वाढीतला वाटा उद्यानाचा किती आणि शहराच्या एकूण भरभराटीचा किती, हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. तरी हा युक्तिवाद अमेरिकेतल्या शहराशहरांत पोचला आणि पुढची कित्येक दशकं उद्यानांसाठी रोखे काढताना तोच वापरला गेला.

या हिशेबाला एक काळी बाजू आहे आणि ती वगळून हा इतिहास सांगणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. सेंट्रल पार्कच्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून तिथे कृष्णवर्णीय कुटुंबांनी स्वतःच्या मालकीच्या जमिनी घेतल्या होत्या, घरं आणि चर्चं बांधली होती. उद्यानासाठी १८५७ पर्यंत ती सगळी वस्ती उठवली गेली. झाडाची किंमत जमिनीच्या भावातच मोजायची ठरवली की उद्यान तिथे होतं जिथे भाव चढणार असतो, आणि ज्यांना तो भाव परवडत नाही ते लांब ढकलले जातात. दीडशे वर्षांनी याच शहरात वापरातून गेलेल्या उंच रेल्वेमार्गावर हाय लाइन नावाचं उद्यान झालं. २००९ मध्ये ते खुलं झाल्यावर आजूबाजूची घरभाडी चढली आणि जुना प्रश्न पुन्हा समोर आला.

सावलीचा डॉक्टर

त्याच न्यूयॉर्कमध्ये एक माणूस वेगळं मोजत होता. स्टीफन स्मिथ हे शल्यचिकित्सक. शहराचं आरोग्य मंडळ उभं राहण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनचे ते पहिले अध्यक्ष. मृत्यूच्या नोंदी चाळताना त्यांच्या लक्षात आलं, की उन्हाळा तापला की लहान मुलांचे मृत्यू वाढतात, आणि ते सर्वाधिक होतात दाटीवाटीच्या, विटा-दगडांच्या, एकही झाड नसलेल्या गल्ल्यांमध्ये. त्यांनी सुचवलेला उपाय सोपा होता: रस्त्यांवर झाडं लावा आणि हे काम घरमालकांच्या इच्छेवर न सोडता शहराने अंगावर घ्या. १८७२ पासून ते त्यासाठी कायद्याचा आग्रह धरत राहिले, आणि १८९९ मध्ये उन्हाळ्यातल्या उष्म्यावर झाडं हाच उतारा आहे अशी मांडणी करणारा सविस्तर लेख त्यांनी लिहिला. आज आपण ज्याला उष्णतेची बेटं म्हणतो ती लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड यांनी आधीच टिपली होती. शहरातल्या रात्री आसपासच्या गावांपेक्षा सुमारे २ अंशांनी गरम असतात असं त्यांच्या नोंदी सांगत होत्या. स्मिथ यांनी त्या उष्णतेचा मृत्यूशी आणि मृत्यूचा झाडांशी संबंध जोडला. माझ्या मते झाडांच्या मूल्याच्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं पाऊल, आणि त्याचीच आठवण फार थोड्यांना आहे.

झाड गारवा देतं कसं? सावली हा त्याचा एक भाग. ऊन डांबरावर, भिंतीवर पडायच्या आधीच पानं ते अडवतात, त्यामुळे रात्री परत फेकायला भिंतीत उष्णता साठतच नाही. दुसरा भाग डोळ्यांना दिसत नाही. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता भोवतालातून घेतली जाते. एक लिटर पाण्याला त्यासाठी सुमारे ०.६८ युनिट ऊर्जा लागते. मोठ्या झाडाने दिवसभरात शंभर लिटर पाणी हवेत सोडलं तर ६८ युनिट उष्णता त्यात खपली. पण जमिनीत पाणी हवं. चहूबाजूंनी काँक्रीटने आवळलेल्या, तहानलेल्या झाडाची छिद्रं मिटतात आणि निम्मं काम थांबतं. झाडाचा बुंधा मोकळा ठेवायचा तो यासाठी.

स्मिथ यांचा धागा विसाव्या शतकात बराच काळ हरवला. झाडं सौंदर्याच्या खात्यात गेली, आणि त्यांची किंमत कळली ती मोठ्या संख्येने मेल्यावर. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात एल्म वृक्षांवर एक बुरशीजन्य रोग आला. डच शास्त्रज्ञांनी त्याचा छडा लावला म्हणून तो डच एल्म रोग म्हणून ओळखला जातो. १९३० मध्ये तो अमेरिकेत सापडला. तिथल्या शहरांनी रस्तेच्या रस्ते एकाच जातीच्या एल्म झाडांनी भरले होते. पुढच्या काही दशकांत कोट्यवधी झाडं गेली, कमानीसारख्या छायेचे रस्ते उघडे पडले. या हानीतूनच शहरी वनशास्त्राला चालना मिळाली. टोरांटो विद्यापीठातले एरिक जॉर्गेनसन या रोगावरच काम करत होते. रस्ते, अंगणं, उद्यानं यांतल्या सगळ्या झाडांकडे शहराचं एक वन म्हणून बघायचं, हा विचार त्यांनी १९६५ च्या सुमारास मांडला.

पुढे अशाच दुसऱ्या मरीने अभ्यासकांना अनपेक्षित पुरावा दिला. आशियातून आलेला, ॲश जातीची झाडं पोखरणारा हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइट परिसरात आढळला. तो जिथे पोचला तिथली झाडं काही वर्षांत मेली. १५ राज्यांतल्या १९९० ते २००७ या काळातल्या मृत्यूच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भुंगा पोचलेल्या भागांत हृदयविकाराने सुमारे १५ हजार आणि श्वसनाच्या विकारांनी सुमारे ६ हजार जास्तीचे मृत्यू दिसले. झाडं गेल्यामुळेच माणसं गेली, हे अशा अभ्यासातून निर्विवाद सिद्ध होत नाही. पण झाडांच्या गैरहजेरीचा परिणाम पाहण्याची अशी संधी क्वचितच मिळते.

आरोग्याच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास मात्र छोटासा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर काहींना खिडकीतून झाडं दिसत, काहींना विटांची भिंत. रॉजर उलरिच यांनी दोन्ही गटांतल्या २३-२३ रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि पहिल्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. १९८४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आकडे मांडायची घाई

झाडाला थेट रकमेत तोलण्याचे प्रयत्न दोन वाटांनी झाले. एक वाट भरपाईची. झाड कुणी तोडलं, त्याचं नुकसान केलं, तर किती वसूल करायचं? ब्रिटनमध्ये रॉडनी हेलिवेल यांनी १९६७ मध्ये आकार, आयुष्य, ठिकाण अशा निकषांवर गुण देण्याची पद्धत आणली. नंतर तिथे कॅव्हॅट ही दुसरी पद्धत आली. २००८ मध्ये तिच्यानुसार लंडनच्या बर्कली स्क्वेअरमधल्या एका व्हिक्टोरियन काळातल्या प्लेन वृक्षाची किंमत साडेसात लाख पौंड निघाली.

दुसरी वाट झाड दरवर्षी करतं त्या कामाचे पैसे मोजण्याची. १९७९ मध्ये कलकत्ता विद्यापीठातले प्रा. तारकमोहन दास यांनी ५० वर्षांच्या मध्यम झाडाच्या आयुष्यभराच्या कामाची किंमत १५.७ लाख रुपये काढली. हा आकडा पुढे जगभर फलकांवर झळकला. २०२१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या रेल्वे पुलांसाठीच्या वृक्षतोडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने एका झाडाचं वर्षाचं मोल ७४,५०० रुपये धरलं, त्यात सर्वांत मोठा वाटा प्राणवायूचा. मला हा आधार कच्चा वाटतो. वातावरणाचा जवळजवळ २१ टक्के भाग प्राणवायूच आहे, आणि शहरातली झाडं त्यात घालतात ती भर त्या प्रचंड साठ्यापुढे नगण्य ठरते. अमेरिकेत शहरी झाडांचा हिशेब मांडणारे डेव्हिड नोवाक यांनीही २००७ मध्ये हेच दाखवलं. झाडाची बाजू मांडताना प्राणवायू पुढे केला की विरोधकाला ती खोडणं सोपं जातं. गारवा आणि पाणी यांचा हिशेब खोडणं तितकं सोपं नाही.

तो हिशेब नीट मांडायला सुरुवात झाली १९९० च्या दशकात शिकागोत, आणि तिथल्या पद्धतींचंच पुढे २००६ मध्ये आय-ट्री हे मोफत संगणकीय साधन झालं. झाडाची जात, बुंध्याची जाडी, पर्णसंभार, इमारतीपासूनचं अंतर अशी माहिती भरायची आणि वीजबचत, अडवलेलं पावसाचं पाणी, शोषलेले प्रदूषक यांचा अंदाज मिळवायचा. २००५ च्या गणनेत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ५,९२,१३० झाडं होती. त्यांच्यावर खर्च होणाऱ्या प्रत्येक डॉलरमागे ५.६० डॉलरचा लाभ होतो असं निघालं, आणि दोन वर्षांनी त्या शहराने दहा लाख झाडांची मोहीम हाती घेतली.

शिकागोच्या अभ्यासातली एक नोंद मात्र फलकांवर कधी आली नाही. ७७ सेंटिमीटरहून जाड बुंध्याचं निरोगी झाड ८ सेंटिमीटरहून कमी जाडीच्या रोपापेक्षा वर्षाला सुमारे ७० पट अधिक प्रदूषक शोषतं. तरी ‘एक तोडा, दोन लावा’ या नियमाने कागदावर सगळं भरून निघतं. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये याचा कडेलोट झाला. २०१२ मध्ये रस्तेदुरुस्तीचा २५ वर्षांचा करार झाला, त्यात ३६ हजारांपैकी १७,५०० झाडं काढून नवी लावण्याची तरतूद होती. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये पहाटे, अंधारात, पोलिसांच्या बंदोबस्तात तोड सुरू झाली. विरोध करणाऱ्या रहिवाशांना अटक झाली. २०१८ मध्ये तोड थांबेपर्यंत हजारो झाडं गेली होती. २०२३ च्या स्वतंत्र चौकशी अहवालाने शहर प्रशासनावर कडक ताशेरे ओढले.

पाण्याच्या बाजूने पटण्याजोगी उदाहरणं ब्राझीलच्या कुरिचिबा शहरात १९७० च्या दशकातच घडली. पूर अडवायला नद्या काँक्रीटमध्ये कोंबण्याऐवजी तिथे नदीकाठच्या जमिनींवर उद्यानं केली, जी पावसात भरू द्यायची आणि एरवी वापरायची. २ जुलै २०११ रोजी कोपनहेगनमध्ये अडीच-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यानंतर तिथलं एंगहावे पार्क खोलगट करून पुन्हा बांधलं गेलं. अतिवृष्टीत त्यात २२ हजार घनमीटरहून अधिक पाणी मावतं.

आता प्रश्न वाटपाचा आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्या कर्जासाठी धोकादायक म्हणून लाल रंगवल्या गेल्या होत्या. २०२० मध्ये १०८ शहरी भागांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्के ठिकाणी त्या लाल वस्त्या आजही इतरांपेक्षा जास्त तापतात असं आढळलं. झाडं कमी, डांबर जास्त. २०२१ मध्ये सेसिल कोनाइनेनडाइक यांनी ३-३०-३०० ही कसोटी सुचवली: प्रत्येक घरातून तीन झाडं दिसावीत, प्रत्येक वस्तीवर ३० टक्के पर्णछाया असावी, उद्यान ३०० मीटरच्या आत असावं. २०२३ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या ९३ शहरांचा अभ्यास आला. तिथली सरासरी पर्णछाया १५ टक्क्यांच्या जवळ आहे. ती ३० टक्के असती तर २०१५ च्या उन्हाळ्यातले २,६४४ अकाली मृत्यू टळले असते, असा त्यांचा अंदाज. मेलबर्नने २०१२ च्या आराखड्यात उद्दिष्ट ठेवलं तेही याच मापात: सार्वजनिक जागांवरची छाया २२ टक्क्यांवरून २०४० पर्यंत ४० टक्के. किती रोपं लावली यापेक्षा किती जमीन सावलीत आली हे तिथे वरून टिपलेल्या प्रतिमांवरून तपासलं जातं, म्हणून जुनं झाड गेलं की त्याची घट त्याच वर्षी आकड्यात दिसते.