राज्यचिन्हे वर्गात येतात तेव्हा

शाळेतल्या तक्त्यावर महाराष्ट्राची राज्यचिन्हे शेजारी शेजारी चौकोनांत बसलेली असतात. त्यामुळे मुलांना ती सगळी एकाच दिवशी ठरल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात राजमुद्रेचे मूळ सतराव्या शतकात आहे, तर राज्यमासा 2023 मध्ये ठरला. प्रत्येक चिन्ह का निवडले गेले, ही गोष्टच तक्त्यावरून गळते आणि उरते ती पाठ करायची नावे.

1 मे 1960 रोजी स्थापन झालेल्या राज्याने आपल्या मुद्रेसाठी शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी मुद्रेवरचा श्लोक घेतला. ‘शाहसूनोः शिवस्यैषा’ या शब्दांच्या जागी ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ आले, मधोमध समई आली, पण ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः’ तसेच राहिले. दुसरीतल्या मुलाला संस्कृत कळायची गरज नाही. शुक्ल पक्षात रोज संध्याकाळी आकाश पाहून वहीत चंद्र काढायला सांगावे. पौर्णिमेपर्यंत कोर कशी वाढत गेली ते त्याच्याच चित्रांत दिसते. मग राज्य या कोरीसारखे वाढत जावे, असे मुद्रेवर लिहिले आहे, एवढे सांगितले की पुरते.

राज्यप्राणी शेकरूची कथा जंगलाची आहे. ही मोठी खार शक्यतो जमिनीवर उतरत नाही, एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्यावर जाते. म्हणून झाडांची सलगता तुटली की तिची वाटच तुटते. तिच्या रक्षणासाठी 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. शेपटीसह ती सुमारे मीटरभर लांब भरते आणि तिची झेप सहा मीटरपर्यंत जाऊ शकते. मैदानात फक्कीने सहा मीटरची रेघ आखा आणि मुलांना तेवढी उडी मारायला सांगा. त्यानंतर त्यांना शेकरूचे चित्र रंगवा असे वेगळे सांगावे लागत नाही. राज्यपक्षी हरियालसाठी तर वर्गाबाहेरचा वड किंवा उंबर बरा. फळे पिकली की हिरव्या कबुतरांचा थवा तिथे येतो, मात्र पानांत तो शोधून काढावा लागतो.

अलीकडच्या चिन्हांत काळजी अधिक उघड दिसते. 2015 मध्ये ब्लू मॉरमॉन राज्यफुलपाखरू झाले. असे चिन्ह ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. 2020 मध्ये पांढरी चिप्पी हे कांदळवनाचे झाड राज्यचिन्हांत आले, कारण किनाऱ्याला लाटांपासून आडोसा देणारे हे जंगल भराव आणि तोडीने आकसत होते. राज्यमासा म्हणून पापलेटची निवड चवीच्या कौतुकापोटी झालेली नाही. पूर्ण वाढ होण्याआधीच लहान मासे जाळ्यात येऊ लागले आणि उत्पादन घटले, हे त्यामागचे कारण. हे मुलांना सांगायलाच हवे. कागदी मासे वेगवेगळ्या मापांचे कापावेत, पसरट बोटांची ‘जाळी’ करावी आणि लहान मासे निसटू दिले तर पुढच्या फेरीत किती उरतात ते मोजावे. कारणाचा धडा या खेळातच होतो.

राज्यगीताची वाट मात्र वेगळी. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज लाभलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ लोकांनी कित्येक दशके आपले मानले होते. शासनाने ते 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत म्हणून स्वीकारले आणि शाळांच्या परिपाठात आणले.

आता शिकवण्याच्या पद्धतीकडे. हातांनी, परिसरातल्या वस्तूंनी शिकायचे ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेल्या कृतिपुस्तिकांमुळे रुजलेली नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. इटलीच्या मारिया माँटेसरी यांच्या बालशिक्षण पद्धतीतली महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. म्हणून पाने, बिया, खडे, शिंपले हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात गेली, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणात गेली. नंतर परिसर अभ्यासाची पुस्तके आली, 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पाठांतराऐवजी अनुभवावर भर दिला आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवते हा विचार, हा शब्द शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात आला. तरीही राज्यचिन्हांचा पाठ बऱ्याच ठिकाणी सामान्यज्ञानाच्या प्रश्नांपुरता उरला आहे, आणि कोसबाडचा वारसा असलेल्या राज्यात ते मनाला लागते.

राज्यफूल ताम्हण यात शिकवायला सर्वांत अवघड, कारण त्याचा बहर उन्हाळी सुटीत येतो. तरी 1 मे रोजी निकालासाठी मुले शाळेत येतात, ध्वजवंदन असते, आणि आवारात झाड असेल तर जांभळी फुले नेमकी तेव्हाच फुललेली सापडतात. निकालपत्रक हाती देण्याआधी त्या झाडाखाली दहा मिनिटे काढता येतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तेच झाड पुन्हा दाखवावे: फुलांच्या जागी हिरवी फळे धरलेली असतात. ती हिवाळ्यापर्यंत वाळून तडकतात, आणि आतल्या पंख असलेल्या बिया मुलांना रोपवाटिकेसाठी गोळा करता येतात.