कोकणच्या मालिका आणि हातातून निसटणारी मुख्य पात्रं: नाराजीची पार्श्वभूमी

कोकणात घडणाऱ्या मालिकेबद्दल सावंतवाडी, कुडाळ, देवगड किंवा रत्नागिरीतला प्रेक्षक कुरकुरतो, तेव्हा तक्रारीचा सूर बहुतेक वेळा एकच असतो. पहिल्या महिन्यात नायिका शेत बघते, बाजारात भाव करते, वाडीतल्या भांडणात ठामपणे बोलते. शंभरावा भाग येईतो तीच नायिका दाराआड उभी राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकते, रडते आणि समोर धडधडीत दिसणारी गोष्ट तिलाच तेवढी कळत नाही. नायकाचंही तसंच. सुरुवातीला तो होडीवर किंवा बागेत राबतो आणि पुढे दिवसभर ओटीवर बसून असतो. ‘लेखकाने पात्र बिघडवलं’ असं म्हणून आपण मोकळे होतो, पण हा बिघाड एका माणसाच्या हातून होत नाही. त्याची कारणं मालिका ज्या पद्धतीने तयार होते तिच्यात आहेत, आणि काही त्याहून जुनी आहेत.

कोकणातल्या प्रेक्षकाला पात्र घसरल्याचं लवकर जाणवतं, याला दशावताराची, म्हणजे इथल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याची, सवय कारणीभूत आहे. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. आडदशावतारात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, गणपती, सरस्वती, संकासुर येऊन जातात, मग आख्यान (पौराणिक कथा) लागतं आणि पहाटेपर्यंत चालतं. दशावतारात संवादांची संहिता नसते. कोणतं आख्यान लावायचं आणि कोणी काय करायचं हे प्रयोगाआधी ठरतं, बाकीचं नट उभ्या उभ्या बोलतात. तरीही राजपात्र राजासारखंच वागतं आणि खलपात्र शेवटच्या युद्धापर्यंत खलच राहतं, कारण आख्यानाचा शेवट सगळ्यांना माहीत असतो. नटाला बोलण्याची मोकळीक भरपूर, पण पात्राची दिशा बदलायची मुभा नाही. समोर बसलेला माणूसही ते आख्यान लहानपणापासून पाहत आलेला असतो, त्यामुळे पात्र वाकडं गेलं तर त्याला तिथल्या तिथे कळतं. मालिकेत नेमकं उलटं घडतं. संवाद कागदावर पक्के असतात आणि पात्र कुठे जाणार हेच ठरलेलं नसतं.

दुसरा धागा रंगभूमीचा. १९८०मध्ये ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक आलं. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत नेली, परदेशातही नेली, आणि या बोलीला मान मिळवून दिला. ते ऋण मोठं आहे. पण पुढे टीव्हीने त्यातला हशा तेवढा उचलला. गडी, शेजारी, दारुडा काका यांच्या तोंडी मालवणी आणि नायक-नायिकेच्या तोंडी प्रमाण मराठी अशी वाटणी होऊन बसली. घरात सगळे एक बोलतात आणि नायिका एकटीच पुण्याची वाटते, तेव्हा ती त्या घरात वाढलेलीच वाटत नाही. काही मालिका नायिकेला मालवणी देतात, पण लिहितात पुणेरी वाक्यं आणि वर ‘माका-तुका’ शिंपडतात. त्यातही रत्नागिरी, संगमेश्वर, चिपळूण भागातल्या नायिकेला सिंधुदुर्गाची मालवणी बोलायला लावली, की तिथला प्रेक्षक पहिल्याच भागात दुरावतो. संगमेश्वरी बोली वेगळी आहे आणि ती बोलणारे कलाकार मिळतात, हे निर्मात्यांनी खरं तर पहिल्या दिवशीच लक्षात घ्यायला हवं.

टीव्हीचं स्वतःचं गणितही पाहू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. आठवड्याला एक भाग आणि साधारण तेरा भागांची मालिका, हा पुढे रूढ झालेला साचा होता. लेखकाला तेरावा भाग लिहिताना पहिला आठवत असे, कारण दोन्ही त्यानेच लिहिलेले असत. १९९९मध्ये अल्फा मराठी आणि पाठोपाठ ई टीव्ही मराठी या वाहिन्या आल्या, आणि रोजच्या मालिकांनी संध्याकाळ व्यापली. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली. आज आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला ३१२ होतात. अर्ध्या तासाच्या जागेतून जाहिराती वगळल्या की हातात साधारण २२ मिनिटं राहतात. म्हणजे वर्षाला ११४ तासांचं लेखन, अडीच तासांच्या नाटकाच्या हिशेबात पंचेचाळीस नाटकं. एवढं एका माणसाच्या हातून होणं शक्य नाही. म्हणून कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वर वाहिनीचा क्रिएटिव्ह विभाग ‘ट्रॅक’, म्हणजे पुढच्या काही भागांचं कथानक, मंजूर करतो. मधे एखादा लेखक बदलला, तर नव्याला आधीचे दोनशे भाग पाहायला वेळ कुठला? त्याला मिळतो चार ओळींचा सारांश: ‘नायिका, सोशिक, घर सांभाळणारी.’ तिने साठाव्या भागात सावकाराला उंबरठ्यावरून परत पाठवलं होतं, हे त्या सारांशात नसतं.

हे सगळं एका जागी पाहायचं तर ‘रात्रीस खेळ चाले’चा प्रवास बघावा. झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ला ती सुरू झाली, सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झाली. तिथलं घर पुढे नाईकांचा वाडा म्हणून पर्यटकांचं ठिकाण झालं. पहिलं पर्व अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू होतं. घरची मंडळी जमतात आणि संशय एकेकावर फिरतो. मुख्य पात्र असं कोणी एक नव्हतं. घर हेच मुख्य पात्र होतं. अण्णांची बायको माई, मुलगा दत्ता, पांडू यांची बोली, मुंबईला स्थिरावलेल्यांचं वेगळं बोलणं, जमिनीवरची कुजबुज हे सगळं ओळखीचं होतं. कोकण म्हणजे भुताटकी असं चित्र उभं राहतं, म्हणून त्याच वेळी सिंधुदुर्गातून मालिकेवर आक्षेपही घेतले गेले. हा आक्षेप गंभीर होता आणि आजही तो बाजूला सारता येत नाही.

जानेवारी २०१९मध्ये दुसरं पर्व आलं आणि काळ मागे गेला. अण्णा हयात, त्यांची प्रेयसी शेवंता घरात शिरते आहे. माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांनी ही दोन पात्रं अशी उभी केली की ती घराघरांत पोचली. अडचण इथूनच सुरू झाली. शेवट प्रेक्षकाला आधीच माहीत होता: अण्णा जाणार, शेवंता त्यांच्याआधी जाणार, त्यांची मुलगी सुषमा मागे राहणार. असं कथानक थोड्या भागांत घट्ट बसतं. ते ऑगस्ट २०२०पर्यंत, मधल्या टाळेबंदीचा खंड धरून, दीड वर्षाहून अधिक चाललं. शेवट हलवता येत नसेल आणि भाग तर वाढवायचे असतील, तर ताण मधल्या वागण्यावर येतो. अण्णा बायकोला छळणारा, जमिनी लाटणारा, माणसं मारणारा आहे. पण लोक त्याच्या संवादांवर खूश आहेत म्हटल्यावर त्याच्या क्रौर्याची जागा हळूहळू रुबाब घेतो. शेवंता कधी फसवली गेलेली, कधी डाव रचणारी. ती दोन्ही असू शकते, खरी माणसं असतातच. पण एका वागण्यातून दुसऱ्यात ती का गेली, हे दाखवणारा प्रसंग वेळेवर यायला हवा. तो आला नाही की प्रेक्षक म्हणतो, ‘काल ही अशी नव्हती.’

माईवर झालेला अन्याय मला याहून मोठा वाटतो. शकुंतला नरे यांनी त्या बाईला वजन दिलं होतं. घर, शेती, गडीमाणसं, सणवार तिच्या हातात. तरी लेखनात तिच्या वाट्याला वाट पाहणं आणि सोसणं तेवढं आलं. इथे कोकणच्या प्रेक्षकांचा राग नेमका होता, कारण तो अनुभवातून येतो. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. गिरणीच्या काळापासून पुरुष चाकरमानी म्हणून मुंबईला गेले आणि लावणी, कापणी, काजू-रतांबे, गुरं, कोर्टाची तारीख, मुलांची शाळा हे सगळं मागे राहिलेल्या बायकांनी पाहिलं. मासळीबाजारात भाव ठरवणारी बाईच असते. अशा घरांतून आलेल्या प्रेक्षकाला वर्षभर फक्त डोळे पुसणारी घरधनीण पटत नाही. सोशिक बाई कोकणात नाही असं कोणी म्हणणार नाही. पण ती सोसता सोसता कामं उरकते, हिशेब ठेवते, आणि वेळ आली की ऐकवते.

तिसरं पर्व मार्च २०२१मध्ये सुरू झालं, त्यात अण्णा आणि शेवंता भुतं म्हणून वावरू लागले. जी पात्रं आवडली त्यांना मेल्यावरही परत आणायचं, हा निर्णय कथेने मागितलेला नव्हता, लोकप्रियतेने मागितला होता. एप्रिलमध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे राज्यात चित्रीकरण थांबलं. काही मराठी मालिका गोव्याला गेल्या, मेच्या सुरुवातीला तिथेही परवानग्या रद्द झाल्या. ही मालिका ऑगस्टमध्ये परतली. २०२१च्या अखेरीस शेवंताची भूमिका अपूर्वा नेमळेकरांकडून कृतिका तुळसकरांकडे गेली. नव्या अभिनेत्रीवर रोष निघाला, तो तिच्यावर निघायला नको होता. पात्र लेखनात मजबूत असेल तर नट बदलूनही टिकतं, हे दशावतारी कंपन्या दर हंगामात दाखवतात. इथे शेवंता अभिनेत्रीच्या चालण्या-बोलण्यावरच इतकी उभी केली होती, की ती अभिनेत्री गेल्यावर कागदावर फारसं काही उरलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की प्रेक्षक एवढा बोलतो तरी सुधारणा का होत नाही, आणि झाली तर अशी धक्कादायक का होते. उत्तर वेळापत्रकात आहे. टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा आठवडा शनिवार ते शुक्रवार आणि आकडे पुढच्या गुरुवारी. म्हणजे सोमवारी दाखवलेल्या प्रसंगाचा आकडा दहा दिवसांनी हातात येतो. मग बैठक, नवा ट्रॅक, वन लायनर (प्रसंगांची थोडक्यात यादी), वाहिनीची मंजुरी, संवाद, चित्रीकरण, संकलन यात आणखी आठ-दहा दिवस. शिवाय आधी चित्रित झालेले भाग संपेपर्यंत तेच दाखवावे लागतात. एकूण तीनेक आठवडे. तोवर प्रेक्षक जिच्यावर चिडला होता ती नायिका आणखी पंधरा-सोळा भाग तशीच रडत असते आणि मग एका सोमवारी अचानक वाघीण होते. आधी रडण्याची तक्रार होती, आता एका रात्रीत पालटल्याची होते.

त्या आकड्यात कोकणाचं वजन किती? २०११ला सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ होती, महाराष्ट्राची ११,२३,७४,३३३. म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. मराठी वाहिन्यांसाठी महाराष्ट्र-गोवा ही एकत्र बाजारपेठ धरली जाते आणि आकड्यात प्रत्येक भागाचं वजन तिथल्या प्रेक्षकसंख्येनुसार पडतं. त्यामुळे गोष्ट सिंधुदुर्गाची असली तरी नायिकेने कसं वागावं याचा कौल मुंबई, पुणे, नाशिक, मराठवाडा, विदर्भ इथून येतो. तिथल्या प्रेक्षकाचं काही चुकत नाही. पण वाडीतल्या बाईचं बारीकसारीक वागणं त्याने ओळखावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

आणि पाऊस. याचा उल्लेख क्वचितच होतो, पण परिणाम थेट पडद्यावर दिसतो. कोकणात वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. त्या काळात बाहेरचं चित्रीकरण भरवशाचं राहत नाही: प्रकाश बदलतो, आवाजात पाऊस शिरतो, लाल चिखलात ट्रॉली रुतते. मग पटकथा घरात वळवली जाते. ज्या नायिकेचं काम शेतात, खाडीवर, बाजारात होतं ती चार महिने माजघरात आणि स्वयंपाकघरात अडकते; तिथे करण्यासारखं उरतं ते कारस्थान ऐकणं आणि रडणं. खरं तर लावणीचे दिवस हेच. तिचा सगळ्यात कष्टाचा काळ पडद्यावरून गायब होतो. ज्यांना हे टाळायचं आहे त्यांनी नांगरणी-लावणीचे पाच-सहा दिवसांचे तुकडे जूनच्या अखेरीस किंवा जुलैत, दोन सरींमधल्या उघडिपीत, छोट्या युनिटवर घेऊन ठेवावेत आणि आवाज नंतर डब करावा. नायक मच्छीमार असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, हे पटकथेच्या तक्त्यावर आधीच लिहून ठेवावं. जुलैत ट्रॉलर घेऊन निघालेला नायक मालवणच्या जेटीवर कोणालाच पटणार नाही. त्या दोन महिन्यांत तो जाळी विणतो, नौका शाकारतो, इंजिन खोलतो, आणि त्यातही गोष्ट आहे.

तक्रार करायची वाट आहे, पण ती या दुखण्यासाठी नाही. जून २०२१च्या केबल टीव्ही नियमदुरुस्तीनुसार वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते. वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची, १५ दिवसांत निर्णय कळवायचा. तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे अपील. वाहिनीचं नाव, तारीख, वेळ आणि नेमका प्रसंग लिहिलेला हवा, ‘मालिका वाईट आहे’ एवढ्यावर काही होत नाही. पण ही वाट कार्यक्रम संहितेच्या उल्लंघनासाठी आहे: अंधश्रद्धेला खतपाणी, अश्लीलता, समाजाची बदनामी. २०१६सारख्या आक्षेपांना आज ही चौकट मिळते. माईच्या वाट्याला सगळं घर चालवूनही एक धड निर्णय का आला नाही, हे विचारायला त्या नियमांत कलम नाही.