हळदीकुंकवापासून हक्कसोडपत्रापर्यंत: नाशकातून दिसणारी बरोबरीच्या लढ्याची पार्श्वभूमी

संक्रांतीला आमच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. वाण म्हणून स्टीलचे डबे, तिळगूळ, एका वहिनींचा उखाणा तर संपायच्या आत कुणाच्या तरी स्टेटसला गेला. मधेच विषय निघाला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना बोलवायचं का, काका मागच्याच वर्षी गेले. थोडी कुजबुज झाली आणि मग ठरलं की बोलवायचं, वाण पण द्यायचं, फक्त कुंकू लावायचं नाही. कॉलेजला जाणारी एक पोरगी होती तिथे, तिने सरळ विचारलं का नाही लावायचं, तर उत्तर आलं की अगं हे फेमिनिझम वगैरे तुमचं इन्स्टावरचं, अमेरिकेतून आलेलं, ते इथे नको. मी तेव्हा तोंडात तिळगूळ होता म्हणून गप्प बसले (खरं तर हिंमत झाली नाही), पण घरी आल्यावर राहवेना. कारण हा विषय काही अमेरिकेतून पार्सल आलेला नाही, आणि त्यातला एक धागा तर ह्याच नाशकात, चक्क हळदीकुंकवातूनच निघालेला आहे.

महादेव गोविंद रानडे आपल्याच जिल्ह्यातले, जन्म निफाडचा, १८४२ चा. १८७८ मध्ये त्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. सोबत बायको रमाबाई, वय साधारण १६. तेव्हाच लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख पण इथे न्यायाधीश होते, म्हणजे सुधारकांची दोन मोठी घरं एका गावात. आता बायकांनी एकत्र यावं, चार गोष्टी ऐकाव्या, मुलींना शाळेत घालावं असं वाटत होतं, पण त्या काळी चांगल्या घरातल्या बाईला सभेला या म्हटलं तर कोण येणार, घरचेच पाठवणार नाहीत. हळदीकुंकवाला मात्र कोण नाही म्हणतं! म्हणून मग हळदीकुंकू ठेवायचं, बायका जमल्या की सीता-सावित्रीच्या गोष्टी काढायच्या आणि बोलता बोलता विषय शिक्षणावर न्यायचा. रमाबाईंचं पहिलं जाहीर भाषण पण नाशिकचंच, नाशिक हायस्कूलच्या समारंभात, प्रमुख पाहुण्या म्हणून. आणि ते भाषण रानड्यांनी लिहून दिलेलं होतं.

ह्या शेवटच्या वाक्यापाशी मी नेहमी अडखळते. बाईने पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं आणि शब्द नवऱ्याचे. त्यात परत हेच रानडे विधवाविवाहाच्या बाजूने झटणारे, पण १८७३ मध्ये पहिली बायको गेल्यावर स्वतः ३१ व्या वर्षी लग्न केलं ते ११ वर्षांच्या मुलीशी, वडिलांच्या दबावाखाली, आणि सुधारकांनी त्यांना तेव्हाही सोडलं नाही. पण त्याच माणसाने त्या मुलीला रोज रात्री बसून शिकवलं हे पण खरं आहे, आणि ती इंग्रजी वाचते म्हणून घरातल्या बायका तिच्याशी कशा वागायच्या ते तिने स्वतः पुढे आठवणींत लिहून ठेवलंय, ते पुस्तक १९१० चं. पुढे त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, बायकांना मताचा हक्क हवा म्हणून उभ्या राहिल्या. तेव्हा शब्द कुणी लिहून द्यावे लागले नाहीत.

आता थोडं मागे जाऊ. १८४८ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. १ जानेवारीला पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. त्याच वर्षी लोकहितवादींची शतपत्रं 'प्रभाकर' साप्ताहिकात यायला लागली, ज्यात बालविवाह, विधवांचे हाल सगळ्यावर कोरडे ओढलेत. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तिकडे न्यूयॉर्क राज्यात सेनेका फॉल्सला बायकांच्या हक्कांची सभा भरली, १०० जणांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या, ६८ बायका आणि ३२ पुरुष. म्हणजे पुण्यातली शाळा तिथल्या सभेच्या सहा महिने आधीची! युरोपात त्याच्याही आधी विचार सुरू झालेला, मेरी वुलस्टनक्राफ्टचं पुस्तक १७९२ चं, फ्रान्समध्ये ओलँप द गूजने १७९१ मध्ये बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि दोन वर्षांनी तिचं डोकं उडवलं. पण आधी कोण ह्याची शर्यत लावण्यात मला रस नाही. त्यांचे प्रश्न त्यांच्या घरातून निघाले, आपले आपल्या घरातून, एवढंच.

आणि हो, दुसऱ्या बाजूची मंडळी म्हणतील की आपल्याकडे तर बाईला पूर्वीपासून मान होता, पांडवलेणी बघा. बघितली आहेत. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, गौतमीपुत्र सातकर्णीची आई ती, त्याच्या नावातच आईचं नाव. दहा नंबरला दक्षमित्रेने, म्हणजे नहपानाच्या मुलीने, खोली दान दिल्याचा लेख आहे. वाचून बरं वाटतं, दान द्यायला हातात पैसा लागतो आणि तो काही बायकांच्या हातात होता हे दिसतं. पण ह्या राजाच्या आया आणि राजाच्या मुली, लेणं खोदणाऱ्याच्या बायकोचं नाव कुठल्या भिंतीवर आहे?

तर आपल्याकडचे प्रश्न काय होते? सगळ्यात आधी केस. आम्ही लहानपणी जुन्या नाशकात वाड्यात भाड्याने राहायचो, घरमालकांच्या आजी सोवळ्या होत्या, लाल आलवण, पदर कायम कपाळापर्यंत ओढलेला. ठरावीक दिवसांनी मागच्या दाराने न्हावी यायचा, पडवीत पाट मांडलेला असायचा, आणि आम्हा पोरांना तेवढा वेळ बाहेर पिटाळायचे. मी एकदा जिन्यावरून पाहिलं. आजी डोळे मिटून बसल्या होत्या आणि वस्तऱ्याचा खर्र खर्र आवाज तेवढा येत होता. लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि तेराव्या वर्षी विधवा झाल्या, हे मला फार नंतर आईने सांगितलं.

१८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा आला खरा, पण त्यातही मेख होती, पुन्हा लग्न केलं तर मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा. आणि लग्न तरी किती जणींची झाली! बाकीच्या घरातच राहायच्या, घरातल्याच कुणाच्या तरी वासनेला बळी पडायच्या आणि दिवस गेले की विहीर नाहीतर बाळाचा गळा. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवांनो इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा आणि मूल ठेवा नाहीतर घेऊन जा, असं उघड सांगून. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. आणि केशवपनाचं म्हणाल तर १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी शेकडो न्हाव्यांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवणार नाही असं त्यांच्याकडून ठरवून घेतलं. मला ही गोष्ट फार आवडते. शास्त्रार्थ करत बसण्यापेक्षा वस्तराच काढून घेतला!

पण ह्या सगळ्यात बाई स्वतः काय म्हणत होती? १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे ह्या मातंग मुलीने 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला, मांग-महारांच्या दुःखाविषयी, त्यात त्या समाजातल्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्पर पण नसतं हे लिहिलंय. आणि मग १८८२, ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्या, वडील फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. झालं असं की १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं मूल मारलं म्हणून फाशीची शिक्षा झाली (पुढे कमी झाली), आणि पेपरवाल्यांना बायकांच्या नीतीवर लेख पाडायला निमित्त मिळालं. ताराबाईंचं डोकं सणकलं. त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं, पुण्यात छापलं, ५०० प्रती. त्यातली पद्धत अशी की बायकांवर जे जे आरोप होतात, साहस, कपट, मूर्खपणा, लोभ, ते एकेक घ्यायचे आणि विचारायचं की हे तुमच्यात नाही का हो? बायको मेली की तुम्ही लगेच दुसरी आणता, मग नवरा मेला की तिने काय पाप केलं? आणि त्या मूल मारलेल्या बाईला त्या अवस्थेला नेणारा पुरुष कुठे होता, त्याचं नाव कोर्टात का नाही? सुधारकांना पण सोडलेलं नाही, सभा भरवता, भाषणं ठोकता, घरी काय करता. भाषा अगदी अंगणात उभं राहून भांडावं तशी, वाचताना हसू पण येतं आणि पोटात खड्डा पण पडतो. नाशकातल्या त्या लिहून दिलेल्या भाषणाला जेमतेम चार वर्षं झाली होती, आणि इकडे ही बाई कुणालाही न विचारता बोलत होती.

शिव्या पडल्या, अर्थातच. जोतीरावांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. आणि हे पुस्तकही विस्मरणात गेलं ते थेट १९७५ मध्ये स. गं. मालशे ह्यांनी पुन्हा छापेपर्यंत.

बाकी त्या दहा-बारा वर्षांत धडाका होता नुसता. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन. रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून सांगितलं, केस १८८४ पासून चालली, १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं जा नाहीतर सहा महिने तुरुंग, तर त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. शेवटी पैसे देऊन प्रकरण मिटलं आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलीशी शरीरसंबंधासाठी किमान वय १० वरून १२, फक्त १२! आणि तेवढ्यावरही टिळकांनी केवढा विरोध केला. टिळकांबद्दल आदर आहे, पण ह्या बाबतीत ते चुकलेच असं माझं मत आहे.

ही सगळी, फुले, मुक्ता आणि ताराबाई सोडल्या तर, बहुतेक वरच्या जातीतल्या घरांतली गोष्ट. नाशकातला दुसरा धागा वेगळाच आहे आणि तो हळदीकुंकवाच्या बैठकीत कधी आलाच नाही, कारण त्या बायकांना त्या बैठकीत बोलावलंच नसतं.

२ मार्च १९३०, काळाराम मंदिर. आपण पंचवटीत पाहुण्यांना दर्शनाला नेतो तेच. दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रह, स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांकडे, ते दिंडोरी तालुक्यातले. साधारण १५ हजार लोकांची मिरवणूक मंदिरावर गेली, दरवाजे बंद, मग मिरवणूक वळली ती गंगेवर (बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी चार दरवाज्यांवर बसली, त्यात १२५ पुरुष आणि २५ बायका. मार्चमधलं नाशिकचं ऊन माहितीय ना, दगडी फरशी तापते पार. तिथे ह्या बायका बसल्या. महिनाभर दरवाजे बंद राहिले, ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, आणि सत्याग्रह पुढे काही वर्षं चालत राहिला. त्या २५ जणींनी आयुष्यात कधी सभेत भाषण केलं नसेल. १८७८ मध्ये बाईने चार लोकांसमोर बोलायचं म्हणून केवढा घाट घालावा लागला होता, आणि ५२ वर्षांनी त्याच गावात शेतात राबणाऱ्या, मोळ्या विकणाऱ्या बायका पोलिसांसमोर दाराशी ठिय्या देऊन बसल्या. आणि हे अचानक झालेलं नाही, डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये आंबेडकरांनी बायकांसाठी वेगळं भाषण केलं होतं, जात दाखवणारं लुगडं नेसायची पद्धत आणि ते जड दागिने सोडा, मुलींना शिकवा, असं, आणि बायकांनी दुसऱ्याच दिवशी नेसण बदलली.

मंदिर काही तेव्हा उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पुढे कायदामंत्री झाल्यावर त्यांनी हिंदू कोड बिल आणलं, घटस्फोट, वारसा, मुलीचा वाटा. ते लटकवून ठेवलं म्हणून १९५१ मध्ये राजीनामा दिला, ज्या कारणांसाठी दिला त्यात हे एक मोठं होतं. मग तुकड्या तुकड्यांत कायदे आले, १९५५ ला विवाहाचा, १९५६ ला वारसाचा, आणि वडिलोपार्जित जमिनीत सगळ्याच मुलींना मुलाइतकाच जन्मजात हक्क यायला २००५ उजाडावं लागलं.

आता ह्या २००५ च्या कायद्याचं आमच्या घरात काय झालं ते सांगते. आत्याचं माहेर म्हणजे आमचं गाव, निफाड तालुक्यात, द्राक्षबाग, पाण्याची जमीन. आजोबा गेल्यावर वारसनोंदीत चार भाऊ आणि आत्या अशी पाचही नावं सातबाऱ्यावर चढली. वर्षभराने हक्कसोडपत्राचे कागद तयार झाले. आत्या सकाळच्या बसने आली, ऑफिसात नंबर लागेपर्यंत बाकावर बसली, फोटो, अंगठ्याचा ठसा, सही. कुणी जबरदस्ती केली नाही हो, अजिबात नाही. मी विचारलं तर म्हणाली, अगं माहेर तुटायला नको, दिवाळीला हक्काने यायला एक दार पाहिजे ना. सही झाल्यावर भावांनी तिला येवल्याला नेलं आणि पैठणी घेतली, मोरपंखी, चांगली भारीतली.

परवा हळदीकुंकवाला ती पैठणी आत्या मला नेसायला घेऊन आली. तिला स्वतःला नेसता येत नाही आता, मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून तिला कुठे बोलावतच नाहीत.